धाग्यांनुसार भागाचा गोषवारा: पद्धत कुठवर आली आहे

आरंभीच एक सूचना देतो. या नोंदीत ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेतील साठाव्या भागापर्यंतच्या घटना उघड केल्या आहेत, त्यामुळे ज्यांची ती पाहायची राहिली आहे त्यांनी आधी ती पाहावी आणि मगच पुढे वाचावे.

मालिकेच्या प्रत्येक भागाचा गोषवारा लिहिणारे आपण बहुतेक जण पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत क्रमाने लिहीत जातो. या पद्धतीला जुनी परंपरा आहे. 1998 मध्ये ‘डॉसन्स क्रीक’ या एकाच मालिकेपुरते सुरू झालेले आणि पुढे ‘टेलिव्हिजन विदाउट पिटी’ या नावाने 2014 पर्यंत चाललेले संकेतस्थळ अशाच सविस्तर, दृश्यागणिक आणि खोचक गोषवाऱ्यांसाठी ओळखले जाई. त्या काळी सुटलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय सहज मिळत नसे, म्हणून संपूर्ण भाग शब्दांत उभा करण्याला अर्थ होता. आज भाग हवा तेव्हा उपलब्ध असतो, आणि सामान्य वाचक बहुधा तो पाहूनच आपल्याकडे येतो. फक्त मध्येच फोन आल्यामुळे त्याची दहा मिनिटे निसटलेली असतात, किंवा दोन पर्वांपूर्वीचा संदर्भ त्याला आठवत नसतो. अशा वाचकाला घटनाक्रमाची फारशी गरज नसते. कोणते जुने प्रकरण आज पुढे सरकले, कोणाचे कोणाशी असलेले नाते बदलले आणि पुढच्या भागासाठी काय लक्षात ठेवायचे, एवढे त्याला हवे असते.

म्हणून सध्या मी दृश्यांऐवजी धाग्यांनुसार लिहितो. एका पात्राचे किंवा एका प्रश्नाचे कथानक म्हणजे एक धागा. पहिल्यांदा पाहताना वहीत डावीकडे वेळ आणि उजवीकडे धाग्याचे नाव एवढेच टिपतो, वाक्ये लिहीत नाही, कारण वाक्य लिहिण्यासाठी मान खाली घातली की नेमका चेहऱ्यावरचा बदल सुटतो. दुसऱ्यांदा पाहताना फक्त खुणा केलेल्या जागी थांबून संवाद जसेच्या तसे उतरवून घेतो. जाहिरातींचे विराम धरून लिहिलेल्या मालिकांत आणखी एक सोय असते: प्रत्येक विरामाच्या आधी लेखक एखादे वळण ठेवतो, त्यामुळे कोणता धागा त्याला त्या भागात मुख्य वाटतो हे विरामांवरूनच बऱ्याच अंशी कळते. भाग विनाजाहिरात पाहिला तरी क्षणभर पडदा काळा होणाऱ्या त्या जागा ओळखू येतात.

पद्धतीची कसोटी घेण्यासाठी ‘ब्रेकिंग बॅड’मधील दोन भाग मुद्दाम निवडले, कारण दोन्ही रायन जॉन्सन यांनीच दिग्दर्शित केले आहेत आणि घटनांच्या दृष्टीने ते दोन टोकांना आहेत. या मालिकेत वॉल्टर हा रसायनशास्त्राचा शिक्षक जेसी या आपल्या जुन्या विद्यार्थ्याबरोबर अमली पदार्थ बनवू लागतो. तिसऱ्या पर्वातील दहावा भाग ‘फ्लाय’ जवळजवळ पूर्णपणे भूमिगत प्रयोगशाळेत घडतो. खर्च आवरण्यासाठी तो मोजक्या पात्रांत आणि एकाच जागी बसवला गेला. क्रमाने सांगायचे तर दोन ओळींत संपतो: प्रयोगशाळेत माशी शिरते, वॉल्टर आणि जेसी रात्रभर तिच्यामागे धावतात, अखेरीस जेसी तिला मारतो. हा गोषवारा खरा आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि ‘या भागात काही घडलेच नाही’ ही त्या वेळी अनेक प्रेक्षकांनी केलेली तक्रारच तो पुन्हा सांगतो.

धाग्यांनी मांडल्यावर चित्र बदलते. पहिला धागा हिशेबाचा आहे: उत्पादनात किंचित तूट दिसते आणि जेसी माल काढून घेत असल्याचा वॉल्टरला संशय आहे, ज्याबद्दल तो शेवटी जेसीला आडून बजावतो. दुसरा वॉल्टरच्या मनःस्थितीचा, म्हणजे झोप उडालेल्या आणि सगळे आपल्या ताब्यात असावे असा हट्ट धरलेल्या माणसाचा. तिसरा धागा जेनचा आहे आणि माझ्या मते भाग त्याच्यासाठीच लिहिला गेला आहे. जेन ही जेसीची प्रेयसी; ती मरत असताना वॉल्टर समोर असूनही त्याने तिला वाचवले नव्हते, आणि जेसीला हे ठाऊक नाही. जेसीने कॉफीत मिसळलेल्या झोपेच्या गोळ्यांचा अंमल चढू लागतो, जेसी शिडीवर उभा असतो, खाली शिडी धरलेला वॉल्टर जेनबद्दल वाईट वाटते असे म्हणतो आणि कबुलीच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो.

जेनचा मृत्यू दुसऱ्या पर्वाच्या बाराव्या भागातला, म्हणजे मालिकेतील एकोणिसाव्या. ‘फ्लाय’ हा तिसावा. आणि वॉल्टर जेसीला ती गोष्ट प्रत्यक्ष सांगतो तो ‘ओझिमँडियास’ साठावा. दर आठवड्याला लिहिणाऱ्याला तिसाव्या भागाच्या वेळी साठाव्याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याच्या हातात होते ते एवढेच की कबुली अर्धवट राहिली हे स्पष्ट नोंदवायचे आणि धागा उघडा ठेवायचा. यासाठी मी आता प्रत्येक गोषवाऱ्याच्या शेवटी ‘न मिटलेले’ असा एक लहान परिच्छेद ठेवतो. त्यात अंदाज लिहीत नाही. कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला माहीत नाही, एवढेच लिहितो. आतापर्यंतच्या बदलांपैकी हा सर्वांत उपयोगी ठरला आहे, कारण पुढचा भाग लिहायला बसताना मलाच आधी तो वाचावा लागतो.

‘ओझिमँडियास’मध्ये अडचण उलटी आहे. वॉल्टरचा साडू हँक याचा मृत्यू, पैशांची लूट, जेसीचे बंदिवान होणे, घरातील चाकूची झटापट, वॉल्टरने आपल्या तान्ह्या मुलीला, होलीला, उचलून नेणे, नंतरचा फोन आणि अग्निशमन केंद्रात तिला सोडून त्याचे निघून जाणे, हे सारे एका भागात येते. येथे क्रमाला पूर्ण फाटा देता येत नाही, कारण एका आघातातून दुसरा जन्मतो. तडजोड म्हणून घटना क्रमाने पण अगदी थोडक्यात दिल्या आणि विस्तार फक्त दोन ठिकाणी केला: वाळवंटातील ती कबुली आणि तो फोन.

फोनच्या प्रसंगात गोषवारा आणि परीक्षण यांच्यातील सीमारेषा नीट तपासता आली. पडद्यावर घडते ते असे: वॉल्टर पत्नी स्कायलरला फोन करतो, पोलीस आहेत का असे विचारतो, ती नाही म्हणते, प्रत्यक्षात पोलीस ऐकत असतात, आणि तो तिला धमकावत, अपमान करत, सगळे आपण एकट्याने केले असे ठासून सांगत असताना रडत असतो. पोलीस ऐकत आहेत हे ओळखून तो तिला निर्दोष ठरवत आहे, हा अर्थ मला पटतो. पण त्या शिव्यांत खरा राग मुळीच नाही असे म्हणणेही मला मान्य नाही. म्हणून घटना एका परिच्छेदात आणि माझा अर्थ पुढच्या परिच्छेदात, ‘माझ्या मते’ असे स्पष्ट लिहून, अशी विभागणी केली. ‘द सोप्रानोज’चा 10 जून 2007 रोजी दाखवलेला शेवटही याच कारणाने सरावासाठी उत्तम आहे. मालिकेचा नायक टोनी दाराकडे पाहतो आणि पडदा एकदम काळा होतो, गोषवाऱ्यात इतकेच येऊ शकते. तो मेला किंवा वाचला यांपैकी काहीही लिहिले की परीक्षण सुरू झाले.

भागाला तारे देणे मी सोडून दिले आहे. दहा तासांच्या एका कथेतील मधल्या तुकड्याला स्वतंत्र गुण देण्यात मला तथ्य दिसत नाही.

1 फेब्रुवारी 2013 रोजी ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे पहिले पर्व, म्हणजे तेराही भाग, एकाच दिवशी उपलब्ध झाले, आणि तेव्हापासून आपला वाचक नेमका कोणत्या भागापर्यंत पोहोचला आहे हे सांगता येईनासे झाले. अशा मालिकांसाठी एक कडक नियम पाळतो: पुढचे सर्व भाग पाहिलेले असले तरी गोषवारा त्या भागापर्यंतच्या माहितीवरच लिहायचा, आणि ‘हे पुढे महत्त्वाचे ठरेल’ असे सूचक वाक्यही टाळायचे. त्या वाक्याने नाव न घेताही रहस्य फुटतेच.

पुढचा टप्पा ‘द वायर’ या बाल्टिमोर शहरावरील मालिकेचा आहे. पाच पर्वे, साठ भाग, आणि दुसऱ्यापासून प्रत्येक पर्वात अमली पदार्थांच्या धंद्याबरोबर शहराची नवी संस्था: बंदर, राजकारण, शाळा, वृत्तपत्र. पात्रांनुसार धागे केले तर प्रत्येक भागात ते वीसच्या पुढे जातात आणि वाचक हरवतो. शिवाय मूळ प्रक्षेपणात जाहिराती नव्हत्या, त्यामुळे विरामांचा आधारही नाही. पहिल्या पर्वासाठी पात्रांऐवजी संस्थांचे धागे धरले आहेत, पोलीस दल एकीकडे आणि बार्क्सडेल टोळी दुसरीकडे. टोळ्यांना लुटणारा ओमर आणि पोलिसांचा खबऱ्या बबल्स अशा दोन्हीकडे वावरणाऱ्या पात्रांची नोंद सध्या तिसऱ्या रकान्यात करत आहे, पण गोषवाऱ्यात तो रकाना कोणत्या बाजूला जोडायचा हे अजून ठरलेले नाही. ज्यांनी अनेक पात्रांच्या मालिकांवर भागागणिक लिहिले आहे त्यांनी आपली विभागणी कशी केली हे कळवल्यास दुसऱ्या पर्वाला हात घालण्यापूर्वी ती करून पाहता येईल.