तडजोडीचा आकडा ठरला, पण कागदावरचे एक वाक्य राहिले होते

साताऱ्यात माझा लहानसा छापखाना आहे. 2019 मध्ये एका खासगी बँकेकडून चार लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदीत लग्नपत्रिकांचे काम बसले. ऑगस्ट 2020 पर्यंतची हप्तेसवलत संपल्यावर काही महिने ओढूनताणून हप्ते भरले, पुढे ते थकले. 90 दिवस उलटताच खाते अनुत्पादित (बुडीत जाण्याच्या धोक्यातले, एनपीए) ठरले आणि वसुलीचे फोन सुरू झाले.

2023 च्या पावसाळ्यात राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली. दावा अजून दाखल झालेला नव्हता. असे प्रकरण ‘दाखलपूर्व’ म्हणून तडजोडीसाठी ठेवता येते, हे मला तेव्हा कळले. मागणी 3,42,600 रुपयांची होती. मी आधी खातेउतारा मागवला. त्यात मुद्दल 2,38,400 रुपये आणि उरलेले 1,04,200 रुपये व्याज, दंडव्याज व इतर आकार असे निघाले. बोलणी या दुसऱ्या आकड्यावर होऊ शकतात, हे उतारा पाहिल्याशिवाय सुचले नसते.

दरम्यान वसुली प्रतिनिधी घरी येऊन ‘येणेबाकी कबूल आहे’ अशा छापील कागदावर सही मागू लागला. माझ्या वकील मित्राने ती देऊ दिली नाही. दाव्याची तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी केलेल्या लेखी कबुलीने ती नव्याने मोजली जाते, असे त्याने समजावले. मला कर्ज बुडवायचे नव्हते. पण मुदत जवळ आल्याने बँकेलाही घाई असणार, आणि ती घाई आपल्याच सहीने घालवणे शहाणपणाचे नव्हते. प्रतिनिधी ‘उद्या दीड लाख भरा, पत्र नंतर देतो’ असेही म्हणाला. ते पत्र कोणाच्या सहीचे असेल, या प्रश्नावर त्याने विषय बदलला.

मी शाखेत लेखी अर्ज दिला. सोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि कागद-व्यापाऱ्याची बिले जोडली, आणि दीड लाख देऊ केले. बँकेने 2,60,000 रुपये सांगितले. तडजोडीसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण प्रत्येक बँकेने ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेचे जून 2023 चे परिपत्रक होते. त्या धोरणानुसार अर्जावर निर्णय द्यावा, एवढीच विनंती मी केली. दोन खेपांनंतर 2,05,000 रुपयांवर एकमत झाले.

खरी घासाघीस तारखांवर झाली. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणजे हप्ता चुकला की नवा दावा न करता बँक थेट दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावणार. म्हणून जे जमेल तेच कबूल करायचे ठरवले. जुने कटिंग मशीन विकून सप्टेंबरअखेर 60,000, दिवाळीच्या कामांतून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत 45,000, आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांच्या आगाऊ रकमा येतात त्या भरवशावर 15 जानेवारीला एक लाख. अधिकाऱ्यांना सगळे डिसेंबरमध्येच हवे होते. पत्रिकांच्या धंद्याचे वर्ष कसे चालते हे मी मागच्या पावतीपुस्तकावरून दाखवले, तेव्हा त्यांनी ते मान्य केले.

सही करण्यापूर्वी तडजोडीचा मसुदा वाचला, तर त्यात ‘2,05,000 रुपये भरल्यावर’ पुढे काय, याचा उल्लेखच नव्हता. उरलेल्या 1,37,600 रुपयांची मागणी सोडून दिली आहे, बेबाकी दाखला व तारणादाखल घेतलेले तीन सहीचे कोरे धनादेश परत केले जातील, असे वाक्य मी घालायला सांगितले. बँकेचे वकील थोडे वैतागले. लोकअदालतीच्या पॅनेलवरील सदस्यांनी मात्र ते वाक्य तिथल्या तिथे हाताने लिहवून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली फौजदारी होऊ शकते, म्हणून तेच कोरे धनादेश माझ्या डोक्यात सतत होते.

जानेवारीत शेवटचा हप्ता भरला. दाखला मिळाला, धनादेश मात्र दोनच आले. तिसऱ्यासाठी त्या हस्तलिखित वाक्याची प्रत जोडून तक्रार केली, तेव्हा तो महिन्याभराने पोस्टाने आला. सिबिलच्या पत-अहवालात खाते ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ (पूर्ण रकमेपेक्षा कमी भरून मिटवलेले) असे दिसते, आणि नव्या कटिंग मशीनसाठी गेलो त्या दुसऱ्या बँकेने त्याच शेऱ्यावर बोट ठेवून अर्ज परत केला. कापणीचे काम सध्या शेजारच्या छापखान्यातून करून आणतो.