बिनरंगाच्या पाकळ्या

मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळपासून उतामारो या जपानी चित्रकाराच्या 'फुगेन्झो'ची पानं झूम करकरून बघत बसलेय, जेवणसुद्धा लॅपटॉपसमोरच झालं. १७९० साली एदोत, म्हणजे आताच्या टोकियोत, त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने काढलेलं पुस्तक. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, बहराची लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली चित्रं आणि सोबत क्योका, म्हणजे ३१ मात्रांच्या मिश्कील कविता. बर्फावर आणि चंद्रावरही या दोघांनी अशीच पुस्तकं काढली, पण मी अडकलेय ती फुलांत. फुगेन्झो ही खरंतर साकुराचीच एक जात, भरगच्च पाकळ्यांची, आणि फुलाच्या मधून दोन हिरवट सुळे बाहेर आलेले दिसतात म्हणून फुगेन बोधिसत्त्वाच्या पांढऱ्या हत्तीवरून तिला हे नाव पडलं. हा फुगेन म्हणजे आपल्याकडचा समंतभद्र! कुठून निघाला आणि कुठे एका फुलात जाऊन बसला, वाचून इतका आनंद झाला ना.

पण आज लिहायचंय ते कवितेबद्दल. अशा प्रिंट्सकडे आपण चित्र म्हणून बघतो आणि कोपऱ्यातली वळणदार अक्षरं नक्षी समजून सोडून देतो, सुरिमोनो, म्हणजे कविता आणि चित्र एकत्र छापलेले खास प्रिंट्स, यांच्या बाबतीत तर हे अगदीच उलटं आहे असं माझं मत होत चाललंय. सुरिमोनो सहसा दुकानात विकायला नसायचेच. क्योका करणाऱ्यांची मंडळं होती, ती मंडळी पदरचे पैसे घालून आपल्या कविता छापून घ्यायची, खासकरून नव्या वर्षाला, आणि एकमेकांना भेट द्यायची, चित्रकाराला बोलवायचं ते या कवितांना साजेसं चित्र काढायला. होकुसाई, होक्केई, गाकुतेई सगळ्यांनी ही कामं केली, कुबो शुनमान तर स्वतः कवीही होता. घेणारे जाणकार आणि खर्चाला मागेपुढे न बघणारे, त्यामुळे जाडसर मऊ कागद, धातूची चमचमती पूड आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, काराझुरी.

काराझुरी म्हणजे ठोकळ्याला रंग लावायचाच नाही. कोरलेल्या लाकडावर ओलसर कागद ठेवायचा आणि मागून दाबून घासायचा, की कागदच उठून येतो. समोरून बघितलं तर कोरा पांढरा, जरा उजेडाकडे तिरका केला की पाकळी न् पाकळी वर येते. म्हणून स्क्रीनवर कितीही झूम करा, ते दिसत नाही आणि भिंतीवर काचेत लावलं तरी निम्मं गेलंच. ही वीतभर चौकोनी वस्तू हातात धरून, फिरवून, कविता मोठ्याने म्हणत बघायची.

आणि हा ठोकळा कशाचा, तर साकुराच्याच लाकडाचा! डोंगरी साकुराचं लाकूड घट्ट असतं, केसाएवढी रेघसुद्धा टिकते. अक्षरं लिहिलेला पातळ कागद त्यावर पालथा चिकटवायचा आणि कुंचल्याचा फटकारा जिथे सुकत गेलाय तो सुकेपणासकट उलटा कोरायचा. कोरणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक वेळा कुठेच नाही.

बहर बघायला जाताना कवितेची कागदी पट्टी न्यायची आणि फांदीला बांधायची, ही पद्धत किती प्रिंट्समध्ये दिसते. टोकियोतल्या उएनोच्या कियोमिझु देवळापाशी एका मिठाईवाल्याच्या शूशिकी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने अशीच पट्टी बांधली असं सांगतात, दारू पिऊन झिंगलेल्यांमुळे विहिरीकाठच्या साकुराजवळ धोका आहे अशा अर्थाची. तिच्या नावाचं झाड तिथे आजही राखलंय.

म्हणून मला मनापासून वाटतं की प्रत्येक प्रिंटखाली चित्रकार, साल, माप यांच्यासोबत कवितेचा अर्थ दिलाच पाहिजे, दोन ओळींत का होईना. फांदीला पट्टी बांधणारी बाई दिसते, ती काय बांधतेय ते कळायला नको का?