शूटिंगसाठी रस्ता बंद करून घेताना माझा अनुभव

शॉर्टफिल्मच्या एका सीनसाठी दक्षिण मुंबईतली एक गल्ली रविवारी सकाळी काही तास बंद हवी होती. ऑनलाइन एक खिडकीवर (सगळ्या परवानग्यांसाठी एकाच ठिकाणी अर्ज करायची सोय) अर्ज, वॉर्ड ऑफिस, लोकल पोलीस स्टेशन, हे सगळं सुरळीत झालं. अडलं ते ट्रॅफिक पोलिसांच्या अभिप्रायावर, म्हणजे रस्ता बंद करायला हरकत आहे की नाही या त्यांच्या लेखी मतावर.

आधी एक सांगते, शूटिंगची परवानगी वेगळी आणि रस्ता बंद करायची वेगळी. पहिली हातात आली म्हणून युनिटच्या पोरांनी दोरी लावून गाड्या अडवायच्या नसतात, वाहतूक वळवायची तर ट्रॅफिक पोलिसांचा आदेशच लागतो.

तर अर्ज वरच्या ऑफिसातून खाली चौकीत अभिप्रायासाठी गेला आणि तिथेच बसला. चौकीत विचारलं की साहेब बंदोबस्तावर, परत गेलं की कागद वर पाठवला, वर विचारलं तर आलाच नाही. मग नकाशा मागितला, दिला. मग त्यात जनरेटर आणि व्हॅनिटी व्हॅन कुठे उभी राहणार ते दाखवा, दाखवलं. मग ॲम्ब्युलन्स आली तर कुठून जाणार? प्रश्न बरोबरच आहे हो, लोकांच्या जिवाचा आहे, पण मग पहिल्याच दिवशी सगळं एकदम सांगा ना! इकडे कॅमेऱ्याचं बुकिंग झालेलं, कलाकारांच्या तारखा घेतलेल्या, माझी झोप उडालेली. शेवटी एका हवालदार ताईंनी आवक रजिस्टर उघडून बोट फिरवत फिरवत माझी नोंद शोधली आणि अर्ज निघाला कुठे, तर गणपती मंडपांच्या अर्जांच्या गठ्ठ्यात, लाल नाडीखाली! त्या माऊलीचे उपकार विसरणार नाही. त्यानंतर आदेश पटकन निघाला.

म्हणून अर्ज दिला की आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. जमलं तर गणपतीच्या आधीचे दिवस टाळाच.

आणि हो, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ वाचून जा. रस्त्यावर गाड्यांना घातलेली बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, पण स्थानिक लोकांना कळवावं लागतं. आम्ही प्रत्येक बिल्डिंगच्या गेटवर मराठीत वेळ आणि पर्यायी रस्ता लिहून कागद लावला, वॉचमनना स्वतः भेटलो, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला आदल्या दिवशीच सांगितलं. शूटच्या दिवशी एकही भांडण झालं नाही. आदेशाच्या झेरॉक्स मात्र भरपूर ठेवा, गल्लीच्या दोन्ही टोकांना मागतात.