फाईल गेली म्हणजे पोचली असं नाही

गेल्या आठवड्यात इथल्या डिस्क प्लांटने आमचा सीडीचा मास्टर, म्हणजे छपाईसाठीची मूळ प्रत, परत पाठवला, कारण एका ओळीत दिलेलं, चेकसम जुळत नाही. बास. विषय संपला. चेकसम म्हणजे फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा, फाईल जराही बदलली की तो बदलतो. ऑर्डर इथल्या मराठी मंडळाची, माल कुडाळचा, म्हणजे माझ्या चुलतभावाने रेकॉर्ड केलेली डबलबारी (दोन बुवांच्या भजनांचा सामना), आणि मी जर्मनीत हॅनोव्हरच्या एका छोट्या मास्टरिंग स्टुडिओत काम करते म्हणून मधली सगळी धावपळ माझ्याकडे. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अगो, फाईल गेली मां, आता तेंका आणि काय व्हया?" त्याचा राग मला शंभर टक्के कळला. पावसात लाईट जात-येत असताना त्या माणसाने रात्र जागून अपलोड केलं होतं.

पण प्लांटचंही कळतं, आणि ते नीट सांगायला हवं, कारण तिकडे सिंधुदुर्गात, रत्नागिरीत आता घरगुती स्टुडिओ बरेच झालेत आणि दशावताराचं, भजनाचं चांगलं काम होतंय. रेप्लिकेशन म्हणजे घरच्या रायटरवर सीडी बर्न करणं नव्हे. काचेच्या तबकडीवर फोटोरेझिस्टचा थर, त्यावर लेसरने मास्टर कोरतात, मग त्यावर निकेल चढवून स्टॅम्पर काढतात आणि त्या स्टॅम्परने पॉलिकार्बोनेटच्या हजारो डिस्क छापतात. फाईलमध्ये एक तुकडा गाळला गेला असेल तर तो प्रत्येक डिस्कमध्ये गाळलेला. नंतर दुरुस्ती नाही, अख्खा लॉट फेकायचा. म्हणून ते दारातच तपासतात.

आमचं बिघडलं कुठे, तर क्लाऊडवर. दादाने डीडीपी नीट बनवला होता. डीडीपी म्हणजे डिस्कचं पूर्ण वर्णन असलेला फोल्डर, त्यात आवाजाची एक सलग इमेज, ट्रॅक कुठे सुरू होतो त्याच्या खुणा, सीडी-टेक्स्ट म्हणजे ट्रॅकची नावं, आयएसआरसी कोड म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा ओळख-क्रमांक, आणि सोबत एमडी५ची, म्हणजे चेकसमची फाईल. नुसत्या वेगवेगळ्या वेव्ह फाईल का नाही पाठवायच्या असं कुणी विचारेल, तर डबलबारी ऐकून बघा, बुवांचा गजर चढत जातो, पखवाज थांबत नाही, आणि बऱ्याच बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅकमध्ये २ सेकंदांची शांतता आपोआप टाकायची सेटिंग असते. तिथे सगळा जीव गेला. डीडीपीमध्ये ट्रॅकची खूण चालू आवाजातच पडते, म्हणून दादाने तोच बनवला, आणि अगदी बरोबर केलं. पण फोल्डर तसाच एका क्लाऊड सेवेवर चढवला गेला, इथे डाउनलोड करताना त्या सेवेने स्वतःच त्याचे दोन-तीन झिप तुकडे केले, आणि उघडल्यावर एक छोटी फाईल गायब आणि मोठी इमेज अर्धवट. सीडीची इमेज ८०० एमबीपर्यंत जाते, ती शेवटाकडे कापली गेली तर पहिली २० मिनिटं ऐकून कुणाला काही कळणार नाही. एमडी५चा ३२ अक्षरांचा आकडा मात्र लगेच वेगळा येतो. एक बिट बदलला तरी वेगळा.

प्लांटच्या इनटेकला एक बाई आहेत, वयाने माझ्या आईएवढ्या. सुट्टीची वेळ होऊन गेली होती तरी थांबल्या, आम्हाला थेट एसएफटीपीचं, म्हणजे फाईल सरळ त्यांच्या सर्व्हरवर चढवायचं खातं उघडून दिलं, आणि फाईल आल्यावर आकडा फोनवर चार-चार अक्षरं करून वाचून दाखवला. मी इथून कुडाळला व्हॉट्सॲप कॉलवर तोच दादाला वाचला. जुळला तेव्हा दादा काही बोलला नाही, मागे आतेने विचारलेलं ऐकू आलं, झाला काय? झाला, आते. एवढा आनंद मला इथे बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

आता दादाची पद्धत पक्की झालीय. आधी अख्ख्या फोल्डरची स्वतःच एक झिप करायची, म्हणजे मध्ये कुणी तुकडे करणार नाही, झिपचा चेकसम काढायचा आणि तो वेगळ्या वाटेने, मेसेजने पाठवायचा. चढवायचं एसएफटीपीने, आणि तुटलेलं अपलोड जिथे थांबलं तिथून पुढे नेणारं सॉफ्टवेअर वापरायचं, कारण आषाढात आपल्याकडे लाईट जाणार हे धरूनच चालायचं, राउटर इन्व्हर्टरवर ठेवला तरी लाईन जाते. जुन्या एफटीपीच्या ॲस्की, म्हणजे साध्या मजकुराच्या मोडमध्ये तर कधीच नाही, तो ओळींची टोकं बदलून बायनरी फाईलची वाट लावतो. आणि समोरून "आकडा जुळला" असं येईपर्यंत आपली प्रत पुसायची नाही.

इथले काही लोक आमचं रेकॉर्डिंग कोकणातून आलंय म्हटल्यावर इंटरनेटबद्दल हळूच विचारतात. मी सांगते, तुमच्या हॅनोव्हरबाहेरच्या कितीतरी गावांतही अजून फायबर नाही, आणि माझ्या भावाचा डीडीपी पहिल्यापासून बिनचूक होता. हे प्लांटनेही मान्य केलं. पण एक आहे, १९८२ साली पहिली सीडी छापली ती इथून जवळच, लांगेनहागेनला, आणि दारात आकडा तपासायची ही शिस्त या लोकांच्या अंगात मुरलीय, तिचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे कष्ट कमी नाहीत, फक्त समोरच्याकडून पोच मागायला आपण संकोचतो. मी गाव सोडून इथे आले याबद्दल घरी अजून बोलणं होतं, पण ही पोच मागायला इथे कुणीतरी हवंच होतं ना.

पुढचं काम दशावताराचं आहे, व्हिडिओ, ब्लू-रे. २५ जीबीची डिस्क घेतली तरी १० एमबीपीएसच्या अपलोडने न तुटता साडेपाच तास, ५० जीबीला ११. ते नेटने करायचं नाही असं ठरलंय. दोन हार्डडिस्क, दोन्हीवर तीच फाईल, फॉरमॅट एक्सफॅट कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही, आणि दोन वेगळ्या कुरिअरने. एक दादा कोकणकन्याने मुंबईला नेऊन देईल, दुसरी चार दिवसांनी निघेल, पहिली इथे तपासून झाल्यावर.