मी पुसलेलं मांजर

चित्रांच्या पुस्तकांचं छपाईआधीचं काम करतो मी. चित्रकाराने कागदावर काढलेलं चित्र स्कॅन करायचं, रंग जुळवायचे, पानं लावायची आणि फाइल प्रेसला सोडायची. वॉटरकलरच्या कागदाला दाणा असतो, स्कॅनरच्या उजेडात त्याची सावली पडते आणि कोरी जागा मळकट दिसते, मग लेव्हल्स (संगणकावर चित्राचा उजेड-अंधार कमीजास्त करायची सोय) ओढून ती पांढरीशुभ्र करायची. हे इतकं हातात बसलंय की करताना डोकं दुसरीकडेच असतं. तेच नडलं.

पुस्तक नेहमीसारखं ३२ पानी (मोठ्या कागदाला घड्या घालून कापला की पानं १६ च्या पटीत पडतात, म्हणून बहुतेक चित्रपुस्तकं तेवढीच). गोष्ट साधी, मुलीचं मांजर हरवतं, ती घरभर शोधते, शेवटच्या पानावर सापडतं. मूळ चित्रांत सात ठिकाणी खालच्या कोपऱ्यात पेन्सिल हाताने फासल्यासारखा फिकट करडा डाग होता, म्हटलं रंगवताना मनगट घासलं असणार, सातही साफ केले आणि वर स्वतःवरच खूश. लेखिकेने पीडीएफ पाहिली, संपादकांनी पाहिली, सगळ्यांचं ओके.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, बघायला चित्रकार मॅडम आल्या. शेवटपर्यंत पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली, एक शब्द नाही. मग विचारलं, "मांजर कुठे गेलं रे?"

मी म्हटलं, "आहे की मॅडम, शेवटच्या पानावर."

"आणि त्याआधी?"

त्यांनी मूळ चित्रं प्रूफशेजारी मांडली आणि बोट ठेवलं. डाग कसला, सावली होती ती. एका ठिकाणी दोन कान, पुढे पाठीची कमान, मग नुसतं शेपटीचं टोक. मांजर पूर्ण वेळ मुलीच्या मागेमागेच फिरतंय, फक्त पानाच्या चौकटीबाहेरून. आणि सातही सावल्या उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे पान उलटायला आपण जिथे बोट घालतो बरोब्बर तिथे! इतकी वर्षं या धंद्यात असून मला पान उलटणं हा बाइंडिंगचा विषय वाटायचा, चित्रकार तो धरून चित्र रचतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

मजकुरात सावलीचा उल्लेख का नाही, निदान मला तरी कळलं असतं, असं मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं (चूक माझीच होती तरी). त्या हसल्या, रोझीज वॉक बघ म्हणाल्या. पॅट हचिन्सचं १९६८ चं पुस्तक. शब्द सगळे मिळून ३२, आणि ते फक्त कोंबडी फिरायला निघाली एवढंच सांगतात. मागे कोल्हा लागलाय, दर वेळी झडप घालायला जातो आणि फजिती होते, पण कोल्हा हा शब्द पुस्तकात एकदाही नाही. शब्दांना पत्ताच नाही आणि बघणाऱ्याला सगळं माहीत, गंमत तिथेच आहे.

संध्याकाळी सातही चित्रं परत स्कॅनरवर घेतली. आता अडचण वेगळीच, ऑफसेट छपाईत फिकट रंग बारीक ठिपक्यांनी उमटतो, सावली आहे तेवढी फिकट ठेवली तर तिचे ठिपके उडून जाणार आणि कागद कोराच दिसणार, गडद केली तर पहिल्याच पानावर मांजर पकडलं जाणार. मी गडद करायचो, मॅडम "अजून कमी" म्हणायच्या, मी "छपाईत जाईल हो" म्हणायचो. शेवटी करडेपणात किंचित निळा मिसळला तेव्हा सावली टिकली आणि गपही राहिली. कानांवरच तासभर गेला असेल, पण एवढं बारकाईने मी आजवर एकही चित्र पाहिलं नव्हतं, खरं सांगतो.

फाइल बंद करताना मुखपृष्ठाकडे लक्ष गेलं. लेखिकेचं नाव मोठ्या टायपात, आणि बत्तीस पानांचं मांजर जिने सांभाळलं तिचं नाव आत श्रेयांच्या पानावर, भिंग लावून वाचावं असं. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, जागा असेल तर टाक. जागा होती. लेखिकेच्याच टायपात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नवं मुखपृष्ठ बराच वेळ न्याहाळलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"नाव जरा खाली घे," म्हणाल्या, "शेपटीला लागतंय."