आमची वाटचाल: अनगोळच्या आजींच्या एसीपासून

बेळगावातल्या अनगोळच्या एका घरात लागोपाठ तिसऱ्या एप्रिलमध्ये मी गॅस भरायला गेलो होतो. साल २०१४. दीड टनाचा स्प्लिट एसी, आजींच्या खोलीत बसवलेला. त्यांना दम्याचा त्रास, आणि वरचा स्लॅब तापला की रात्रभर डोळा लागत नसे. मी गेज (दाब दाखवणारे मीटर) लावले, सिलेंडर जोडायला घेतला, तेवढ्यात पलंगावरून त्या म्हणाल्या, "बाळा, दरवर्षी हा गॅस जातोय तरी कुठं?"

उत्तर मला येत होतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला, म्हणजे कुठंतरी छिद्र आहे. ते छिद्र न शोधता मी तीन वर्षं गॅस भरत होतो, कारण सीझनला रोज आठ-दहा कॉल असायचे आणि भरून पुढच्या घरी जाणं सोपं होतं. आजींनी तिन्ही वेळचे पैसे दिले होते. त्या दिवशी मी गॅस भरला नाही. इनडोअर युनिट भिंतीवरून उतरवलं, रिक्षात घातलं आणि दुकानात आणलं. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो.

कागदावरची सुरुवात २००७ ची. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, पुण्यात दोन वर्षं हेल्पर म्हणून राबलो आणि परत येऊन शहापुरात काकांच्या घरातल्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. तेव्हा कामं फ्रिजची, वॉटर कूलरची, आइस्क्रीमवाल्यांच्या डीप फ्रीझरची. बेळगावात एसी कशाला लागतोय, असं वडीलधारी माणसं म्हणायची, आणि ते खरंही होतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. मे महिन्यात एक वळीव पडला की अंगावर चादर घ्यावी लागे. मग टिळकवाडी, हनुमाननगर, सह्याद्रीनगरकडं मजले चढत गेले आणि गच्चीखालच्या फ्लॅटमधली माणसं आमच्याकडं यायला लागली.

आजींच्या मशीनची कूलिंग कॉइल, म्हणजे इनडोअरमधली हवा गार करणारी नळ्यांची जाळी, आम्ही बाहेर काढली, एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडातून नायट्रोजन भरला आणि कॉइल पाण्याच्या टबात बुडवली. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग फिन्सच्या (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या) मधून केसाएवढी बारीक बुडबुड्यांची रेघ वर आली. थोड्या वेळानं आणखी दोन ठिकाणी. जॉइंटला काही नव्हतं, वेल्डिंग चांगलं होतं. नळीच्या अंगालाच छिद्रं पडली होती, डोळ्याला न दिसणारी.

हे कशानं होतं, ते समजून घ्यायला मला पुढचं वर्ष लागलं. तांब्याच्या नळीवर ओल असेल, हवा असेल आणि त्या हवेत फॉर्मिक किंवा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा अंश असेल, तर तांब्यात बाहेरून आत वेडेवाकडे बोगदे पडत जातात. मुंग्यांच्या वारुळासारखे, म्हणून या गंजाला फॉर्मिकरी करोजन म्हणतात. अ‍ॅसिड येतं प्लायवूडमधून, डिंकातून, काही क्लीनरमधून. आजींच्या खोलीत काही वर्षांपूर्वीच नवीन प्लायवूडची कपाटं बसवली होती. त्यात आमच्याकडची सवय अशी की एसी मार्च ते मे चालतो आणि पावसाळा लागला की फेब्रुवारीपर्यंत बंद. जूनपासून खिडक्या लावलेल्या, भिंतींना ओल, कॉइलच्या फिन्समध्ये कोंदट दमट हवा. जास्त वापरानं मशीन खराब होतं असं लोकांना वाटतं, पण या रोगाला बंद खोलीच मानवते.

अशा कॉइलचं एक छिद्र वेल्डिंगनं बुजवलं तर काय होतं, हे मी केलेलं आहे. सहा महिन्यांत शेजारी दुसरं पडतं, कारण पूर्ण नळीची भिंतच पोखरलेली असते. जॉइंटचा लीक असेल, पत्र्याला घासून एका जागी नळी झिजली असेल, तर दुरुस्ती जरूर करावी. नळीच्या अंगाला दोन-तीन ठिकाणी बुडबुडे आले, तर कॉइल बदलायलाच हवी. या एका निर्णयावर आमचा पुढचा धंदा उभा राहिला आणि तिथंच पहिला मोठा फटकाही बसला.

२०१६ साली मी एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून चार कॉइल एकदम मागवल्या. खोक्यावर 'कॉपर' लिहिलेलं, भाव इतरांपेक्षा बराच कमी. पहिलीची नळी लांबवायला म्हणून कापली आणि जॉइंटला वेल्डिंगचा टॉर्च लावला, तर नळी डोळ्यांदेखत मेणासारखी खाली बसली. तांबं वितळतं १०८५ अंशांना, अ‍ॅल्युमिनियम ६६० लाच. आमचा ब्रेझिंग रॉड (नळ्या जोडायची धातूची काडी) धरायला सातशेच्या वर तापवावं लागतं. नळी बाहेरून तांबूस होती, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. व्यापाऱ्यानं माल परत घेतला नाही, पुढं फोनही उचलला नाही. ग्राहकाला मी पदरचे पैसे घालून दुसरी कॉइल बसवून दिली. उरलेल्या तीन अजून दुकानात आहेत. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात कानस देतो: टोक घास आणि आत रंग कुठला दिसतो ते सांग.

अ‍ॅल्युमिनियमची कॉइल वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. चांगल्या कंपनीची, उघडपणे अ‍ॅल्युमिनियम म्हणून विकलेली कॉइल त्या वारुळाच्या गंजाला दाद देत नाही. अडचण आहे ती तांब्याच्या पाइपला ती जोडतात त्या जागी. दोन धातू, मध्ये ओल, म्हणजे तिथं अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात होते. आणि लीक झाला तर साध्या टॉर्चनं तिची दुरुस्ती करणारा कारीगर या भागात शोधावा लागतो. म्हणून मूळ मशीनला तांबं असेल तर आम्ही तांबंच घालतो, अ‍ॅल्युमिनियम असेल तर कंपनीचीच कॉइल मागवतो. फिन्सवर निळं किंवा सोनेरी कोटिंग असेल तर बरं. त्यानं पाणी थेंब धरून न राहता पटकन ओघळतं आणि फिन्स टिकतात. पण आतली नळी त्यानं वाचते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता कॉइल निवडायची कशी. ग्राहक फोनवर सांगतात, "दीड टनाची कॉइल पाहिजे, केवढ्याला?" मी म्हणतो, आधी आउटडोअर युनिटवरच्या पट्टीचा फोटो पाठवा. त्या पट्टीवर गॅस कुठला आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, मॉडेल नंबर असतो. निम्मं काम तिथंच होतं.

गॅस सगळ्यात आधी बघायचा. जुन्या आर-२२ गॅसच्या मशीनला सक्शनचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडं परत जाणाऱ्या गॅसचं प्रेशर ६०-७० पीएसआय (दाबाचं माप) राहतं, नव्या आर-४१०ए आणि आर-३२ ला ११० ते १४०. जुन्या मोठ्या व्यासाच्या नळीची आर-२२ ची कॉइल बसते म्हणून आर-३२ च्या मशीनला घातली, तर तिची नळी त्या दाबासाठी बनवलेलीच नसते. उलट केलं, तर बारीक नळ्यांतून आर-२२ ला पुढं सरकायलाच त्रास होतो आणि मशीन ढेपाळतं. तेलही वेगळं. आर-२२ ला मिनरल ऑइल, नव्या गॅसना सिंथेटिक, आणि हे सिंथेटिक तेल हवेतली ओल स्पंजासारखं ओढतं. म्हणून कॉइल घेताना दोन्ही तोंडांच्या टोप्या घट्ट आहेत ना ते बघायचं. चांगल्या कॉइलमध्ये कारखान्यातून थोडा नायट्रोजन भरून पाठवतात. टोपी सैल करताना फुस्स आवाज यायला पाहिजे. तशी कॉइल गप्प निघाली, तर मी ती आधी टबात घालतो.

मग नळीचा व्यास, ७ मिलीमीटर की ५. रो, म्हणजे नळ्यांच्या ओळी, दोन की तीन. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते: गॅस आत शिरल्यावर किती वाटांनी विभागला जातो. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन कॉइलमध्ये एकीला दोन वाटा, दुसरीला तीन असतात. मशीन साधं, कॅपिलरीवालं (गॅस मोजका आत सोडणाऱ्या बारीक नळीचं) असेल, तर ती कॅपिलरी जुन्या कॉइलच्या हिशोबानं कापलेली असते. वाटा बदलल्या की एक बाजू गारठते आणि दुसरी कोमट राहते.

"मोठी घाला की ओ, जास्त गार होईल," असं पुष्कळजण सांगतात. कॉइल आउटडोअरपेक्षा मोठी झाली तर तिचा पृष्ठभाग हवा तेवढा थंड होत नाही आणि हवेतलं पाणी नीट काढत नाही. खोली गार पण चिकट. वळवाच्या पावसानंतरच्या आमच्या मे महिन्यात हे लगेच अंगाला कळतं. लहान घातली तर ती शून्याच्या खाली जाते, बर्फ धरते आणि रात्री तीनला पाणी गादीवर ठिबकतं. टनाला टन जुळलाच पाहिजे.

आणि कधी कधी कॉइल घालायचीच नसते. निपाणीला एक वहिनी "कॉइल गेली, बदलून द्या" म्हणून मागं लागल्या होत्या. दुसऱ्या कुणीतरी तसं सांगितलं होतं. त्यांचं घर तंबाखूच्या गोडाऊनच्या वर. पत्रा काढला तर फिन्सवर तपकिरी धुळीचा नुसता नमदा बसलेला. प्रेशर व्यवस्थित, लीक नाही. अर्धा दिवस मऊ ब्रश आणि साध्या पाण्यानं धुतली, कॉइल तीच ठेवली. यातही सांगतो, स्वस्तातल्या 'केमिकल सर्व्हिस'ला मशीन देऊ नका. जहाल केमिकल फिन्स एका मिनिटात पांढऱ्या शुभ्र करतं, कारण ते अ‍ॅल्युमिनियमच खात असतं.

जुन्या आर-२२ च्या मशीनची कॉइल फुटली तर मी बहुतेक वेळा नको म्हणतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारामुळं तो गॅस टप्प्याटप्प्यानं बंद होत चाललाय, पुढं महाग आणि दुर्मीळच होणार. आमचा दुकानाचा नियम असा: कॉइल, गॅस आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर ग्राहकाला नवीन घ्यायला सांगायचं, भले काम दुसऱ्या दुकानात जाऊ दे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आल्यापासून हा हिशोब आणखीच नव्या मशीनकडं झुकलाय.

बसवण्याचं काम थोडक्यात सांगतो. ब्रेझिंग करताना पाइपमधून नायट्रोजन हळू वाहता ठेवायचा, नाहीतर आत तांब्याची काळी खपली धरते आणि कॅपिलरी चोक होते. मग ३०० पीएसआय भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी गेजचा काटा उतरलाय का बघायचा. त्यानंतर पंपानं आतली हवा आणि ओल ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली. गॅस काट्यावर वजन करूनच भरायचा. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून खिडक्या उघड्या. हे सगळं करायचं म्हणजे दिवसाला दोनच कामं होतात. सुरुवातीला बैलहोंगलकडचे एक ग्राहक चिडून म्हणाले होते, "ग्यास हाक्री, साकु." गॅस घाला, बास. तेव्हा आमच्याकडं कन्नड नीट बोलणारं कुणी नव्हतं आणि मला त्यांना पटवता आलं नाही, ते गेले. आता गोकाकचा एक पोरगा आमच्याकडं आहे. तोच दोन्ही भाषांत समजावतो, आणि माझ्यापेक्षा चांगलं समजावतो.

२०२० चा सीझन लॉकडाऊननं पूर्ण गेला. एप्रिल-मे हेच आमचं वर्ष असतं. घरच्या मंडळींनी त्या रिकाम्या दिवसांत जुनी बिलं काढून एक वही केली: कुठल्या घरात कुठली कॉइल, कधी, किती ग्रॅम गॅस, खोलीत प्लायवूड आहे का. दुकानातली सगळ्यात कामाची वस्तू आज तीच वही आहे. अनगोळचं पान तिच्यात पहिलं आहे. तिथं नंतर पुन्हा गॅस भरल्याची नोंद नाही.

सध्या खानापूरचं एक काम अडलंय. एक टनाचं आर-३२ चं मशीन, कॉइलला चार ठिकाणी बुडबुडे. एका दुकानात उद्याच मिळेल अशी कॉइल आहे, पण तिच्या नळ्या ५ मिलीमीटरच्या, मूळच्या ७ च्या. वाटाही जुळत नाहीत. घरात मुलीची पीयूसीची (अकरावी-बारावीची) परीक्षा चालू आहे, त्यामुळं "बसेल ती बसवा" असं तिचे वडील दोनदा म्हणाले. मी जुन्या आणि नव्या कॉइलचे फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यांना वाटा मोजून दाखवल्या. त्यांनी थांबायचं ठरवलं. कंपनीची कॉइल गुरुवारी येतेय. तोवर दुकानातला टेबल फॅन तिच्या खोलीत ठेवून आलोय.