आज नुसतं ऐकायचं

"आज सतार हातात घ्यायची नाही. नुसतं ऐकायचं," मिरजेच्या क्लासमध्ये सर म्हणाले. तास संपल्यावर मुलाला न्यायला आलेल्या एका ताईंनी हळूच विचारलं, "म्हणजे आज काही शिकवलं नाही का?"

तो प्रश्न संध्याकाळपर्यंत डोक्यातून जाईना.

सरांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. तीन मिनिटांचं असेल. एका स्वरावरून दुसऱ्यावर ते कसे जातात, तेवढीच जागा सर पुन्हा पुन्हा ऐकवत होते. स्वरावरून स्वरावर असं न तुटता सरकत जाणं म्हणजे मींड. सतारीवर हीच मींड तार पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, आडवी ओढून काढायची. पण किती ओढायची हे कान ठरवतो. स्वर आधी कानात नसेल तर बोट थांबणार कुठे?

भीमसेन जोशी लहानपणी याच खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून गाणं शिकायला घराबाहेर पडले. आणि खाँसाहेब तर आपल्या मिरजेचे! १९३७ साली गेले, मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. क्लासमधल्या किती मुलांना तिथे कुणी नेलं असेल?

परीक्षा कधी, हे सगळे विचारतात. मला त्या ताईंना विचारावंसं वाटलं, आणि तुम्हालाही विचारते: घरी गाणं लागतं का हो?